मदत हवी आहे: २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही आवाज तुटतो, राउटर बदलावा का?

अबोली_दा
नमस्कार. घरातला वायफाय राउटर बदलून वायफाय ६ या वायफायच्या नव्या पिढीचा घ्यावा का, याचे उत्तर मला तातडीने हवे आहे. गेल्या महिन्यात १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २०० चा घेतला, पैसे जास्त भरले, तरी स्पीड ९४ च्या पुढे सरकत नाही आणि संध्याकाळच्या वर्गात माझा आवाज तुटायचा तो तुटतोच. मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. पावसाळ्यात दिवेलागणीनंतर वाडीवरून गावात येणे मुलांना जमत नाही, म्हणून वर्ग ऑनलाइन घ्यावा लागतो. काल प्रमेयाची सिद्धता सांगताना तीन वेळा आवाज गेला आणि मुलांच्या वहीत अर्धीच वाक्ये उतरली. सोमवारपासून दुसरी तुकडी सुरू होत आहे. कंपनीला फोन केला की 'आमची लाइन ठीक आहे, तुमचा राउटर जुना झाला' एवढेच सांगतात. पाच हजारांपर्यंत खर्च करू शकते. कोणता घेऊ, ते कृपया सांगावे.

निनाद_के
एकच राउटर घेण्यापेक्षा दोन नगांचा मेश संच (एकमेकांशी जोडून एकच वायफाय घरभर पसरवणारी उपकरणे) घ्या. आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये शेवटच्या खोलीत अजिबात रेंज नव्हती. संच बसवल्यापासून दीड वर्षात एकदाही तक्रार करावी लागलेली नाही. एक नग दारापाशी आणि एक मधल्या पॅसेजमध्ये ठेवला की झाले. तुमच्या रकमेत साधा संच बसेल.

सह्याद्री५४
ताई, काहीही विकत घेण्याआधी थोडी माहिती द्या. ९४ हा आकडा तुम्ही कुठे बसून मोजला? मोबाइलवर की लॅपटॉपवर, वायफायने की केबल लावून? कंपनीची पेटी (बाहेरून आलेली लाइन जिथे संपते ते उपकरण) कोठे आहे, राउटर कोठे आहे आणि तुम्ही वर्ग कोणत्या खोलीतून घेता? घराच्या भिंती कशाच्या आहेत?

अबोली_दा
स्पीड मोबाइलवर, राउटरच्या शेजारी उभी राहून मोजला. राउटर २०१९ मध्ये घेतलेला आहे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडचा आहे. मला फक्त मॉडेल सुचवा, मोजमाप करायला आत्ता वेळ नाही.

मुक्ता_पुणे
राउटर २०१९ चा असेल तर बदलाच, असे मी म्हणेन, पण कारण वेगळे आहे. उत्पादक काही वर्षांनी जुन्या मॉडेलना सुरक्षेचे अपडेट देणे बंद करतात. २०१७ मध्ये वायफाय सुरक्षित ठेवणाऱ्या डब्ल्यूपीए२ या पद्धतीतच मोठी त्रुटी सापडली होती आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आले, हे लक्षात घ्या. तुमच्या राउटरचे शेवटचे अपडेट कोणत्या वर्षाचे आहे ते पाहा, आणि व्यवस्थापनाचा पासवर्ड अजून 'अ‍ॅडमिन' असेल तर आज रात्रीच बदला.

सह्याद्री५४
मुक्ताताईंचा मुद्दा योग्य आहे, पण त्याने वर्गातला आवाज सुधारणार नाही. अबोलीताई, तुमच्या एका आकड्यावर मी अडून बसलो आहे. स्पीड ९० ते ९५ च्या मध्ये येऊन, जणू कोणी रेघ मारल्यासारखा, रोज तिथेच थांबत असेल तर तो वायफायचा दोष सहसा नसतो. हवेतून येणारा वेग खालीवर होत राहतो. ९४ वर ठाण मांडून बसतो तो १०० एमबीपीएसचा तारेचा दुवा, कारण माहिती ज्या छोट्या पाकिटांतून (पॅकेट) जाते त्यांच्या आवरणाचा भार वजा जाता १०० च्या दुव्यातून प्रत्यक्षात तेवढेच हाती लागते. म्हणजे पेटीपासून राउटरपर्यंतच्या मार्गात काहीतरी १०० चे आहे. ते राउटरचे पोर्ट, म्हणजे केबल लावायची खाच, असू शकेल किंवा मधली केबल असू शकेल. 'एसी १२००' असे लिहिलेल्या बऱ्याच स्वस्त राउटरना १०० चीच पोर्ट असतात, त्यामुळे खोक्यावर किंवा माहितीपत्रकात पोर्टसमोर '१०/१००' लिहिले आहे की '१०/१००/१०००', ते पाहा.

निनाद_के
मग नवा घेतला की पोर्टही गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, मिळेल आणि रेंजही मिळेल. दोन्ही प्रश्न एकाच खरेदीत सुटत असताना त्यांना माहितीपत्रके शोधायला का लावायचे?

सह्याद्री५४
दोष केबलमध्ये असेल तर नव्या राउटरवरही ९४ च येतील, म्हणून. पाच हजार रुपये गेल्यावर हे कळण्यापेक्षा दहा मिनिटे घालवून आधी कळलेले बरे.

देवरुखकर
आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून चारदा लाइट जाते. राउटर आणि पेटी, दोन्ही साधारण १२ व्होल्टवर चालतात, त्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. त्यावर आमची जोडणी दोन-तीन तास टिकते. वर्ग घेणाऱ्याकडे तो असलाच पाहिजे. घेताना अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर मात्र जुळवून घ्या.

अबोली_दा
लाइटचा प्रश्न नाही, इन्व्हर्टर आहे. सह्याद्रीकाका, खोके सापडले. त्यावर १०/१००/१००० आहे. आधी नीट सांगितले नाही, त्याबद्दल क्षमस्व. मांडणी अशी आहे. फायबर पडवीत येते, कंपनीची पेटी तिथेच भिंतीवर आहे आणि तिच्यात वायफाय नाही. तिथून साधारण बारा मीटरची केबल ओटीवरच्या राउटरला येते; ती जुन्या जोडणीच्या वेळी वायरमनने घातली होती. वर्ग मी माजघराच्या मागच्या खोलीतून घेते, कारण ओटीवर पावसाचा आवाज फार येतो. घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे, भिंत हातभर जाड आहे आणि राउटर व माझी खोली यांच्यामध्ये अशा दोन भिंती आहेत.

मुक्ता_पुणे
हे पहिल्याच संदेशात असते तर मी मघाचे उत्तर दिलेच नसते. हातभर जाडीचे दोन चिरेबंदी आडोसे पार करायचे असतील तर ५ गिगाहर्ट्झची अपेक्षाच सोडा, २.४ चा सिग्नल क्षीण होऊन का होईना पोहोचतो.

निनाद_के
म्हणूनच मेश म्हणतो आहे. दुसरा नग माजघरात ठेवायचा.

खांबावरचा
मी केबल टाकण्याचेच काम करतो आणि चिपळूण-गुहागर भागातल्या अशा घरांत रोज जातो, म्हणून लिहितो. माजघरातल्या नगाला सिग्नल त्याच भिंतीतून घ्यायचा आहे ना? मग भिंतीने जे खायचे ते खाल्लेच. दोन बँडच्या साध्या मेशमध्ये तो नग ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर पुढे बोलतो, म्हणून उरलेल्याचेही अर्धे होते. त्यात जांभा सच्छिद्र असतो. आषाढ-श्रावणात तो पाणी पिऊन बसतो आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा सिग्नल जास्त अडवते. मे महिन्यात चालणारी जोडणी जुलैत बंद पडली, अशी तक्रार दर वर्षी येते. डोंबिवलीच्या फ्लॅटमधल्या चार-सहा इंची भिंतींचा अनुभव इथे लावता येणार नाही.

निनाद_के
माझ्या फ्लॅटलाही एक आरसीसी भिंत आहे आणि तिच्यात सळ्या आहेत. तुम्ही तारेचे काम करता म्हणून तुम्हाला तार दिसते, असे मला वाटते. मेशचे नगसुद्धा केबलने जोडता येतात.

खांबावरचा
केबलने जोडणार असाल तर माझे काहीच म्हणणे नाही. पण तेव्हा काम केबल करते, संच नव्हे.

सह्याद्री५४
अबोलीताई, दोन परीक्षा करा आणि आकडे इथे लिहा. पहिली, लॅपटॉप लहान, चांगल्या केबलने थेट कंपनीच्या पेटीला लावून स्पीड मोजा, मग तीच पेटी आणि तोच लॅपटॉप ठेवून बारा मीटरच्या केबलने मोजा. थेट लावल्यावर इंटरनेट चालू झाले नाही तर राउटरमध्ये भरलेले वापरकर्तानाव आणि पासवर्ड लॅपटॉपमध्ये भरावे लागतील.

दुसरी परीक्षा तुमच्या वर्गासाठी जास्त महत्त्वाची आहे. मागच्या खोलीत बसून राउटरच्या पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१ ला, पाच मिनिटे सतत पिंग करा (छोटे संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहणे) आणि उत्तर किती मिलिसेकंदांत येते ते पाहा. तुमच्या आवाजाला आणि चित्राला मिळून दोन-तीन एमबीपीएस पुरतात, म्हणजे १०० चा प्लॅन पूर्वीही पुरेसा होता आणि २०० केल्याने आवाजात फरक पडण्याचे कारणच नव्हते. आवाज तुटतो तो पाकिटे उशिरा पोहोचल्यामुळे किंवा वाटेत गळल्यामुळे. राउटरपर्यंतच ती अडखळत असतील तर दोष घरात आहे. तिथपर्यंत सुरळीत जाऊन पुढे अडखळत असतील तर कंपनीला जाब विचारता येईल.

देवरुखकर
फायबरची कटकटच नको असेल तर ५जीचे घरगुती उपकरण छपरावर बसवून मिळते. आमच्या मेव्हण्यांनी घेतले आहे.

अबोली_दा
सकाळी दोन्ही परीक्षा केल्या. थेट पेटीला लहान केबलने लावल्यावर १९६ आले. बारा मीटरच्या केबलने ९४. मी तीनदा मोजले, तिन्ही वेळा ९४ च.

मग भिंगातून केबलच्या टोकाकडे पाहिले. पारदर्शक खटक्यात आठ सोनेरी पट्ट्या आहेत, पण तारा चारच शिरल्या आहेत: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी आणि हिरवी. निळ्या आणि तपकिरी जोडीचे तुकडे आवरणाच्या तोंडाशी कापून टाकलेले दिसतात; निळ्या तारेचे तांब्याचे टोक अजून चमकते आहे.

मागच्या खोलीत पिंग केले तर बहुतेक उत्तरे ३ ते ५ मिलिसेकंदांत येतात, पण मधेच ३८०, ६१०, आणि पाच मिनिटांत अकरा उत्तरे आलीच नाहीत. ओटीवर केबल लावून हेच केले तर सलग १. मोबाइलमधल्या अ‍ॅपने मागच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ८१ आणि २.४ चा उणे ६८ दाखवला (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). लॅपटॉप मात्र ५ लाच धरून बसतो.

सह्याद्री५४
इतके नेटके मोजमाप क्वचितच कोणी करते. १०० च्या दुव्याला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही लागतात. वायरमनने काम चालते एवढे पाहिले आणि उरलेल्या छाटल्या. तुमचा राउटर २०० द्यायला समर्थ आहे, त्याला कोणी दिलेच नव्हते.

वायफाय ६ बद्दलही सांगतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. त्याचा फायदा मिळायला लॅपटॉपही वायफाय ६ चा हवा. शिवाय प्रसारणाच्या शक्तीवर नियमाने मर्यादा आहे, ती नव्या राउटरलाही लागू आहे. आणि राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी लॅपटॉपला आपल्या लहानशा अँटेनाने त्याच भिंतीतून उत्तर द्यावे लागते. गर्दीच्या इमारतीत, पंधरा-वीस उपकरणे असलेल्या घरात मी तो आनंदाने घ्यायला सांगेन. तुमच्या घरात अडथळा गर्दीचा नाही, चिऱ्याचा आहे.

आज करण्याजोगे म्हणजे राउटरमध्ये २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावे द्या आणि लॅपटॉप २.४ ला जोडा. २.४ साठी चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो निवडा.

खांबावरचा
ताई, गावात सीसीटीव्ही बसवणारा कोणीतरी असेलच, त्याच्याकडे क्रिंपिंगची पकड असते. जुन्या केबलच्या दोन्ही टोकांना आठही तारा घालून नवे खटके बसवून घ्या. त्याच फेरीत राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट ६ ची केबल माळ्यावरून ओढून घ्या. कौलारू घरात भिंत फोडावी लागत नाही, वाशाच्या कडेने नेता येते. फक्त शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती वाकवताना तुटते. उंदरांचा त्रास असेल तर पीव्हीसी पाइपातून घाला.

निनाद_के
अकरा उत्तरे हरवली असतील तर माझा सल्ला चुकला असता, हे मान्य करतो. मी भिंतींबद्दल विचारायला हवे होते.

अबोली_दा
रविवारी काम झाले. पहिल्या केबलला नवे खटके बसल्यावर राउटरशेजारी मोबाइलवर १८८ आले. माळ्यावरून बावीस मीटर केबल मागच्या खोलीत आली आणि लॅपटॉप आता तारेवर आहे. आजचा पहिला वर्ग सव्वा तास चालला. बाहेर मुसळधार पाऊस होता आणि सिद्धता एकदाही पुन्हा सांगावी लागली नाही. राउटर तूर्त बदलत नाही. मुक्ताताई, शेवटचे अपडेट २०२१ चे निघाले, त्यामुळे मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली की तो विषय पुन्हा काढेन. पासवर्ड बदलला आहे.

एक राहिले. मागच्या खोलीत वडिलांच्या मोबाइलला अजून रेंज नाही. कपाटात पूर्वीच्या जोडणीचा एक राउटर पडून आहे, तो त्या केबलवर लावता येईल का?

सह्याद्री५४
येईल. आधी तो सुटा असतानाच लॅपटॉपला लावा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि त्यातले डीएचसीपी बंद करा, म्हणजे घरात पत्ते वाटणारा एकच राहील. वायफायचे नाव वेगळे ठेवा. मग माळ्यावरून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट घेण्याचे) न लावता लॅनच्या (घरातल्या उपकरणांसाठीच्या) पहिल्या पोर्टमध्ये लावा आणि दुसऱ्या लॅन पोर्टमधून लॅपटॉपला द्या. त्याची पोर्ट १०० ची असली तरी वर्गाला आणि वडिलांच्या मोबाइलला ती पुरतील.