मुंबईचं बंदर बघायचं तर नेमकं कुठे जायचं?

सातारी_कंदी
परवाच्या शनिवार-रविवारी बायको आणि दहावीतल्या पोराला घेऊन मुंबईचा बंदराकडचा भाग पायी फिरलो. माझं मत मांडतो, पटलं नाही तर भांडा. गेटवेला अर्ध्या तासाच्या वर वेळ देऊ नये. फोटोवाले, फुगेवाले, लाँचची रांग, आणि समुद्र बघायचा तो लोकांच्या डोक्यांवरून. त्यापेक्षा रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेटीत जा. ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, साधारण एका उंचीच्या दगडी इमारती ओळीनं उभ्या. गेटवेचा आणि या वसाहतीचा आराखडा एकाच जॉर्ज विटेटचा. पायाखालची जमीनही भरावाची. शेजारचा अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा डॉक) खणताना निघालेला माल इथे टाकला. पोराचा इतिहास-भूगोल एका फेरीत झाला.

धक्क्यावरचा
बंदर बघायला गेलात आणि ऑफिसं बघून आलात की हो! बॅलार्ड इस्टेटीत पाणी कुठे दिसलं? बंदराची भिंत दिसली असेल. बंदर म्हणजे भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजेच भाऊ, यांनी बांधलेला. तिथे उभं राहिलात की डिझेल, मासळी आणि रेवसच्या लाँचसाठी पिशव्या सांभाळत बसलेली माणसं, सगळं एकदम अंगावर येतं. १७ जुलै १९४७ ला याच धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्याकडची म्हातारी माणसं आभाळ भरलेलं असलं की अजून लाँचला नको म्हणतात. हा इतिहास तुमच्या दगडी कमानींत सापडायचा नाही.

लोकल_९_०२
गेटवेवर एवढा राग का? २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची पलटण याच कमानीतून बोटीकडे गेली. राजाच्या स्वागताची आठवण म्हणून बांधलेली कमान, १९२४ मध्ये पुरी झाली आणि पुढच्या २४ वर्षांत निरोपाला कामी आली. याहून मोठा विनोद मुंबईत दुसरा नाही. फुगेवाले असले म्हणून काय झालं, त्यांचंही पोट आहे.
बाकी ज्यांना खरं बंदर हवंय त्यांनी पहाटे पाचला ससून डॉक गाठा. १८७५ चा डॉक, लिलाव ऐन रंगात असतो. फोटो तर असले येतात...

दर्याकाठचा
हे शेवटचं वाक्य वाचूनच लिहायला बसलो. माझी आई ससून डॉकवर पाटी घेऊन जायची. तुम्ही 'रंगात' म्हणता ना, तेव्हा तिला दोन तासांत माल उचलून, बर्फ टाकून, बाजार गाठायचा असायचा. मध्येच कोणी तरी पांढरे बूट घालून, नाकाला रुमाल लावून कॅमेरा रोखतो. कोळंबी सोलत बसलेल्या बाईला विचारलंत का कधी, काढू का फोटो म्हणून? तिथे फोटोला मनाई आहे ती उगीच नाही.

लोकल_९_०२
मुद्दा मान्य, पण कोणी बघायलाच आलं नाही तर उद्या डॉक हलवताना बोलणार कोण? २०१७ मध्ये तिथे चित्रांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा जन्म मुंबईत काढलेले कित्येक लोक पहिल्यांदा आत गेले.

दर्याकाठचा
या ना, नको कोण म्हणतंय? गिऱ्हाईक म्हणून या. पिशवी आणा, म्हावरं घ्या, भाव करा, हातगाडी आली की बाजूला व्हा. मग आमची माणसं स्वतःहून बोलतील.

सातारी_कंदी
भिंतीचं मात्र खरं आहे. १४ एप्रिल १९४४ चा स्फोट जिथे झाला तो व्हिक्टोरिया डॉक पोराला दाखवायचा होता. 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आपण दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतो तो यावरूनच. पण फाटकाबाहेर उभं राहून 'तिकडे कुठे तरी' असं बोट दाखवावं लागलं. पोरगं म्हणालं, बाबा, मग आपण बघितलं काय? बॅलार्ड इस्टेटीचं मत तरी मागे घेत नाही. ससून डॉकला मात्र जुलैच्या सुट्टीत पिशवी घेऊन येतो.

दर्याकाठचा
१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, दादा. नारळी पौर्णिमेनंतर या.