बी.आर्क झालं पण काउन्सिलचा नंबर अजून नाही, नावापुढे आर्किटेक्ट लावू का?

थिसिसवाली:
नमस्कार, दहाव्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला, पास झाले!! घरच्यांनी सगळीकडे पोरगी आर्किटेक्ट झाली म्हणून सांगून टाकलं आणि मामांनी तर त्यांच्या बंगल्याचं काम पण देऊ केलंय. पण ऑफिसातले सिनियर म्हणतात काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन होईपर्यंत आर्किटेक्ट लिहू नकोस. पाच वर्षं रात्री जागून काढल्या, आता परत हे कशाला? आणि तोवर मामांचं काम घ्यायचं की नाही?

साईटवरचा_दादा:
अभिनंदन! सिनियर बरोबर सांगतायत. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ चं कलम ३७ बघ, आर्किटेक्ट हे बिरुद फक्त नोंदणी झालेल्यांनाच लावता येतं, डिग्री म्हणजे नोंदणीसाठीची पात्रता, नोंदणी नाही. कॉलेज काउन्सिलच्या मान्यतेचं असेल तर अर्ज ऑनलाइन भरायचा, मी तर प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवरच भरला होता, पदवीदान समारंभाची वाट बघत बसू नकोस. नंबर येतो तो आधी सीए ही अक्षरं, मग वर्ष, मग आकडा असा. आणि नंतर रिन्यूअल विसरू नकोस, फी थकली की नाव रजिस्टरमधून निघू शकतं.

पेन्सिल_२बी:
ताई, अर्ज भरायच्या आधी सगळी कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघ. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी होतं आणि डिग्रीवर शेवटी, त्यात वडिलांच्या नावात एक एच जास्त. एवढ्यावरून अर्ज अडकला, मग ॲफिडेव्हिट करा, परत अपलोड करा, नुसता मनस्ताप.

जुना_ड्राफ्ट्समन:
मामांच्या कामाबद्दल सांगतो. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की हा कायदा नोंदणी नसताना आर्किटेक्ट हे बिरुद वापरण्यावर बंदी घालतो, डिझाइनचं काम करण्यावर नाही. त्यामुळे मामांशी बसून प्लॅन काढ, साईट मोज, मॉडेल कर, बिनधास्त. पण नकाशे मंजुरीला जातील तेव्हा सही नोंदणीकृत आर्किटेक्टची किंवा लायसन्स असलेल्या इंजिनिअरचीच लागणार, आणि तिथेच मुलं चुकतात, ओळखीतल्या कुणाची तरी नुसती सही आणतात. मला एकाने असंच शीट आणून दिलं, म्हणे सर फक्त सही शिक्का द्या. सेक्शन, म्हणजे घराच्या उभ्या छेदाचा नकाशा, उघडला तर जिन्यावर बीम आलेला आणि खाली हेडरूम, म्हणजे डोक्यावरची मोकळी उंची, सहा फूटसुद्धा नाही, रोज चढता उतरता कुणाचं तरी डोकं आपटणार होतं. मी सही केली नाही, पोराला बसवून जिना बदलून घेतला. गैरवर्तन सिद्ध झालं तर नाव रजिस्टरमधून काढता येतं, पण तेवढ्यासाठी नाही गं, त्या घरात माणसं राहणार असतात. तुझ्या सिनियरना सुरुवातीपासून बरोबर घे, ते प्रत्येक शीट बघतील आणि मगच सही करतील, तूही खूप शिकशील.

थिसिसवाली:
खूप आभार सगळ्यांचे. प्रोफाइलवरून आर्किटेक्ट काढलं, नंबर आला की लावीन. सिनियरना विचारलं, ते म्हणाले पुढच्या वेळी मोजमापं घ्यायला मी पण येतो. आणि पेन्सिलताई, आत्ता मार्कशीट काढून बघितली तर आईच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं आहे 😭 ॲफिडेव्हिटमध्ये नेमकं काय लिहिलं होतंस ते सांगशील का?