‘आडलय’ की ‘आडवेतिडवे ताल’?

माळरान: ओसिबिसा या बँडवर एका अंकासाठी लिहितोय. १९६९ साली लंडनमध्ये जमलेली मंडळी. सॅक्सोफोनवर टेडी ओसेई, ट्रंपेटवर त्याचा भाऊ मॅक टॉन्टो, ड्रमवर सोल अमार्फिओ, हे तिघे घानाचे. बेसवाला ग्रेनाडाचा, कीबोर्डवाला त्रिनिदादचा, गिटारवाला अँटिग्वाचा. त्यांच्या क्रॉस-रिदमला, म्हणजे एकाच वेळी सोबत चालणाऱ्या वेगवेगळ्या लयींना, मी ‘आडलय’ म्हटलं. संपादकांनी ते खोडून ‘आडवेतिडवे ताल’ केलं. मला ते वेड्यावाकड्या लावलेल्या गाड्यांसारखं वाटतं. काय करू?

अडकित्ता: आडलयच ठेवा. डाव्या हातानं मांडीवर दोन, तेवढ्याच वेळात उजव्यानं तीन वाजवून बघा. दोनात तीन म्हणजे आड. पश्चिम आफ्रिकेचं वादन याच हिशेबावर उभं आहे. आपल्याकडे शब्द तयार असताना नवा कशाला घडवायचा?

सम: नाही पटत. वीस वर्षं तबला शिकवतोय. आड ही मूळ लयीवर घेतलेली लय असते. ठेका खाली कायम असतो, वाजवणारा आडीत जातो आणि समेवर परत येतो. घानाच्या वादनात दोन आणि तीन पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत चालतात. त्यातलं मूळ कुठलं आणि आड कुठलं, हे ठरवणार कोण? सरळ ‘क्रॉस-रिदम’ लिहा.

अडकित्ता: मग मराठीत लिहायचंच कशाला? शास्त्रातला शब्द बाहेर वापरला म्हणून बाटत नाही.

सम: बाटण्याचा प्रश्न नाही, चुकीचं कळण्याचा आहे.

दिवेलागण: ‘आड’ फक्त तबल्याचा नाही हो. एकाआड एक, दिवसाआड पाणी, दाराआड. माझ्या मते मूळ भाव ‘मध्ये येणं’ हाच. एकाच्या फटीत दुसरा. मग आडलय चपखलच की.

माळरान: हे आवडलं. ओसिबिसा हे नावही फँटी भाषेतल्या ‘ओसिबिसाबा’वरून आलंय, घानातल्या हायलाइफ संगीताचं जुनं नाव.

खारवा: लोकांना लयीचं नाव लागत नाही. ‘श्रोत्यांनी ठेका धरला’ एवढं लिहिलं की पुरतं. पण लेखात ‘वाद्यवृंद’ लिहू नका, लोकांना ऑर्केस्ट्रा वाटेल, निवेदकासकट. ‘ताफा’ म्हणा.

अडकित्ता: ताफा सनई-चौघड्याचा. किंवा मंत्र्यांच्या गाड्यांचा!

दिवेलागण: फटीवरून आठवलं. पोहे कांडायला आई आणि काकू एकाच उखळाशी समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर जाईस्तोवर दुसरीचं खाली. तिसरी बाई आली की काही क्षण गडबड व्हायची, मग तिघींचं जमायचं आणि जमीन वेगळीच वाजायला लागायची. त्या जमण्याला कुणाकडे शब्द आहे का?

खारवा: आमच्याकडे तिघी कधी नसायच्या, दोघीच. पण आजी मुसळ उचलताना ‘हं’ करायची, तो हुंकार दुसरीसाठी असायचा.

सम: तो ‘हं’ मुसळ वर जाताना की खाली पडताना? नीट आठवून सांगा.