मेल, कॅलेंडर, नंबर: सगळं सगळीकडे हवंच कशाला?

जुनं खोड
गेल्या महिन्यात मी संगणकावरचं मेल आयमॅपवरून (पत्रं सेवेच्या सर्व्हरवरच ठेवणारी पद्धत) परत पॉपवर (पत्रं आपल्या संगणकावर उतरवून घेणारी) आणलं आणि फोनवरचं कॉन्टॅक्टचं सिंक, म्हणजे यादी सगळीकडे आपोआप सारखी ठेवणं, बंद करून टाकलं. घरात सगळे हसले. हसू देत.

झालं असं, की फोनवरची नावांची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढली होती. जुन्या कामातली दोन-अडीचशे माणसं एका दुपारी बसून काढून टाकली. संगणकावर आहेतच की, हा भरवसा. दोन महिन्यांनी त्यातल्याच एकाला पत्र लिहायला बसलो, नावाची तीन अक्षरं टाकली, पुढे काहीच येईना. वेबमेल उघडलं, तिथेही नाही. मी फोनवर केलेला शहाणपणा सिंकने तिन्हीकडे इमानेइतबारे पोचवला होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: तीन ठिकाणी दिसतं म्हणजे तीन प्रती आहेत, असं नसतं. खोली एकच, दारं तीन. म्हणून आता मेल पॉपने उतरवून घ्यायचं, नंबर संगणकावर, कॅलेंडर फक्त फोनवर. चुकतोय का? हाणा.

तारमास्तर
साफ असहमत. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय. बॅकअप तुम्ही ठेवला नाहीत, शिक्षा आयमॅपला.

पॉप हे १९८४ सालचं. पेटीतली पत्रं काढून एका यंत्रावर घेऊन जायची, एवढंच त्याचं काम. सर्व्हरवरचे फोल्डर, वाचल्याची खूण, पाठवलेली पत्रं, यातलं त्याला काही कळत नाही. दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, मार्क क्रिस्पिनने स्टॅनफर्डमध्ये आयमॅप रचलं. त्यात पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि कुठूनही बघता येतात. तुम्ही संगणकावरून दिलेलं उत्तर आता फोनवर दिसतं का? आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल तर रात्री संगणक सगळं ओढून घेणार आणि सकाळी फोनवर शुकशुकाट.

राहता राहिली नावं. बऱ्याच सेवांमध्ये काढलेली नावं काही दिवस कचरापेटीत असतात, गुगलकडे ३० दिवस. तिथे पाहिलंत?

जुनं खोड
पाहिलं. दोन महिने झाले होते म्हटलं ना वर.

सावली
दोघेही मेलवरच भांडताय. कॅलेंडर फक्त फोनवर? खोडकाका, संगणकावर आलेलं बैठकीचं आमंत्रण तुम्ही 'हो' म्हणून स्वीकारणार आणि फोनला त्याचा पत्ताच नसणार. त्याच वेळेला तुम्ही फोनवर दुसऱ्याला शब्द देऊन मोकळे. मेल उशिरा दिसलं तर चालतं, भेट उशिरा दिसली तर ती हुकलेली असते.

'सिंक होत नाही' अशा तक्रारी मी इतक्या निस्तरल्यात, की आता आधी एकच गोष्ट बघते. फोनवर नवीन नाव घालताना वर बारीक अक्षरात एक ओळ असते: कुठे साठवायचं, सिम, फोन की खातं. ती कोणी वाचत नाही. नाव 'फोन'मध्ये गेलं की ते तिथेच अडकलं, खात्याला त्याची खबरच नाही. कॅलेंडरचंही तसंच. मग एक माणूस दोनदा दिसतो, दुसरा दिसतच नाही आणि बोल लागतो सिंकला. नेहमीचं खातं कोणतं ते एकदा ठरवलं की अर्धी कटकट संपते.

कुंपणावरचा
मी खोडांच्या बाजूने, पण कारण वेगळं. सिंक म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर जगणं. कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह (२००७), नंबरांसाठी कार्डडॅव्ह (२०११) असे खुले, सगळ्यांचे नियम आहेत. आयफोन ते पाळतो. अँड्रॉइडमध्ये मुळात ती सोयच नाही, डॅव्हएक्स५सारखं वेगळं ॲप घाला. गुगलने जानेवारी २०१३ मध्ये फुकट खात्यांच्या नव्या जोडण्यांसाठी ॲक्टिव्हसिंक, म्हणजे मायक्रोसॉफ्टची सिंकची पद्धत, बंद केलं. त्यावर अवलंबून असलेल्यांनी काय करायचं? शोधा दुसरी वाट. 'सगळं सगळीकडे' हे एकाच कंपनीचं सगळं वापराल तोवर सुरळीत.

तारमास्तर
@कुंपणावरचा, हे मान्य. पण मग खुले नियम पाळणारी सेवा घ्या, सिंक कशाला सोडायचं? आणि पॉपवर गेल्याने कॅलेंडरचा प्रश्न कसा सुटला, ते मला अजून कळलेलं नाही.

आयमॅपही धुतल्या तांदळासारखं नाही, हेही सांगून टाकतो. जीमेलची लेबलं आयमॅपमधून फोल्डर म्हणून दिसतात, त्यामुळे दोन लेबलं लावलेलं एकच पत्र दोन फोल्डरांत दिसतं. लोक एकीकडचं 'जास्तीचं' म्हणून उडवतात आणि मग घाबरतात. शिवाय संगणकावर उतरलेली आयमॅपची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हरवरून पत्र गेलं की पुढच्या खेपेला इथूनही जातं. खोडकाकांचं खोली-दारांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे.

मी महिन्यातून एकदा वेबमेलमधून नावांची व्हीसीएफ आणि कॅलेंडरची आयसीएस फाइल काढून सिंक नसलेल्या डिस्कवर टाकतो. पाच मिनिटं लागतात.

सावली
अवांतर: कॅलेंडरचा अजून एक छळ. वाढदिवस दिवसभराचा म्हणून नोंदवला तर नुसती तारीख साठते, वेळ नाही. पण काही ॲप तो मध्यरात्र ते मध्यरात्र असा वेळेसकट लिहितात. तुम्ही दुसऱ्या कालक्षेत्रात गेलात की वाढदिवस सरकून दोन दिवसांवर पसरतो. एकदा मी आदल्या दिवशीच शुभेच्छा देऊन बसले होते.

कुंपणावरचा
त्या महिन्याच्या पाच मिनिटांबद्दल: पहिले दोन महिने सगळेच करतात. तिसऱ्या महिन्यात किती जण करतात?

तारमास्तर
मी करतो. गजर लावलाय. (कॅलेंडरमध्येच, हो.)

जुनं खोड
सावलीताईंचं कॅलेंडरबद्दल पटलं, ते खात्याला जोडतो. मेलही आयमॅपवर नेईन, कारण पाठवलेलं पत्र फोनवर शोधताना काल खरंच नाचक्की झाली. नंबरांचं सिंक मात्र बंदच राहणार, तिथे माझा हात पोळलाय.

आता पंचाईत अशी, की महिनाभराची पत्रं पॉपने उतरून नुसती संगणकावर बसलीत. ती सर्व्हरवर परत चढतात का?

तारमास्तर
चढतात. त्याच मेल प्रोग्रॅममध्ये आयमॅपचं खातं जुन्याच्या शेजारी नवीन म्हणून जोडा, जुनं काढू नका. मग पत्रं निवडून आयमॅपच्या फोल्डरात कॉपी करा. 'हलवा' नको, 'कॉपी'च. एका वेळी शंभर-दोनशे, नाहीतर मध्येच जोडणी तुटली की कुठवर आलो ते कळत नाही. झालं की वेबमेल उघडून आकडा ताडून पाहा आणि मगच इकडची काढा. संगणकावर आहेतच की, म्हणून फोनवरची काढलीत तसं नको.