राजेलोकांचं पर्यावरणप्रेम : आपल्या सोसायटी ग्रुपवर काल रात्री

कुलकर्णी काका (बी-३०२): ब्रिटनच्या युवराज विल्यमच्या अर्थशॉट या पर्यावरण पुरस्काराचा व्हिडिओ टाकलाय. दरवर्षी पाच जणांना प्रत्येकी १० लाख पौंड. राजघराणं असावं तर असं 🙏

निनाद (ए-७०१): लोकां सांगे ब्रह्मज्ञान, काका! याच विल्यमच्या आजोबांनी, फिलिपनी, जानेवारी १९६१ मध्ये रणथंबोरला वाघ मारला. आणि त्याच वर्षी वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या ब्रिटिश शाखेचे अध्यक्ष झाले.

मेधाताई (सी-१०४): अरे, तेव्हा आपले महाराजच पाहुण्यांना शिकारीला न्यायचे. आपला वन्यजीव कायदा १९७२ चा.

निनाद: बरं, मग २०१२ घ्या. स्पेनचा राजा हुआन कार्लोस. देशात मंदी आणि हा बोत्स्वानात हत्ती मारायला. तिथं पडला, खुबा मोडला, म्हणून तर बातमी फुटली. त्याच फंडाच्या स्पेनमधल्या शाखेचा मानद अध्यक्ष होता! सभासदांनी मतदान घेऊन ते पदच काढून टाकलं, २२६ विरुद्ध १३.

देशपांडे वहिनी (बी-५०१): २३९ सभासद मतदानाला आले?? आपल्या एजीएमला कोरम होत नाही 😂

मेधाताई: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. विल्यमचे वडील, आताचा राजा चार्ल्स, १९७० साली, एकविसाव्या वर्षी, प्लास्टिक आणि प्रदूषणावर बोलत होता. लोक हसायचे. आपल्या हायग्रोव्हच्या घराजवळची शेती ऐंशीच्या दशकातच सेंद्रिय केली. तेव्हा त्यात कसली आली फॅशन?

निनाद: आणि ॲस्टन मार्टिन मोटार उरलेल्या वाइनच्या इंधनावर चालवतो. गरिबाला परवडेल असा उपाय 😄

शेखर सर (ए-२०२): मोटारी आणि भाषणं सोडा हो. स्वतःच्या जमिनीचा प्रश्न आला की काय करतात ते बघा. ब्रिटनमध्ये राजाच्या खासगी मालमत्तेला धक्का लागेल असं विधेयक असेल, तर आधी राजाची संमती घ्यावी लागते. २०२१ मध्ये स्कॉटलंडनं कार्बन कमी करायला घरं सामायिक पाइपलाइननं तापवायचा कायदा आणला. तेव्हाच्या राणीच्या, एलिझाबेथच्या, वकिलांनी मंत्र्यांकडे शब्द टाकला आणि तिच्या खासगी जमिनी सक्तीच्या भूसंपादनातून वगळून घेतल्या. इतर जमीनमालकांना ही सूट नाही. राजवाडा म्हणाला, संमती ही निव्वळ औपचारिकता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्लासगोच्या हवामान परिषदेला बाईंचा संदेश: बोलणं पुरे, आता कृती करा.

निनाद: घ्या काका.

शेखर सर: थांब, दुसरी बाजू पण आहे. किनाऱ्यालगतचा समुद्रतळ क्राउन इस्टेटचा, म्हणजे राजाच्या नावावरच्या पण नफा सरकारला देणाऱ्या मालमत्तेचा. तिथल्या पवनचक्क्यांच्या भाड्यानं नफा एवढा वाढला की राजघराण्याचं अनुदान फुगलं असतं. ते नफ्याच्या प्रमाणात ठरतं ना. चार्ल्सनं जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच सांगितलं, हा जादा पैसा लोकांसाठी वापरा. मग अनुदानाचा टक्का नफ्याच्या २५ वरून १२ वर आला.

कुलकर्णी काका: आणि २०२३ चा अर्थशॉट आपल्या महाराष्ट्रातल्या एसफोरएस कंपनीला मिळाला, त्याचं काय? शेतकरी बायका सौर ड्रायरवर भाजीपाला वाळवतात, माल सडत नाही. त्यांना विचारा विल्यम खरा की खोटा.

निनाद: पुरस्कार चांगलाच आहे काका. माझा प्रश्न देणाऱ्याबद्दल होता. सर, तुमचं मत?

शेखर सर: चार्ल्सला कळकळ आहे, असं मला वाटतं. पण घराण्याच्या जमिनीचा विषय निघाला की वकील बोलतात. हुआन कार्लोसबद्दल बोलायलाच नको.

देशपांडे वहिनी: आणि तो स्वीडनचा राजा? २०१६ मध्ये म्हणाला होता, सगळे बाथटब बंद करा, पाणी आणि वीज वाया जाते.

मेधाताई: वहिनी, त्याला कळवा, बी विंगनं कधीच अंमलबजावणी केलीय. बादली आणि तांब्या.