मदत हवी आहे: गावठाणालगतच्या अडीच गुंठ्यांत घर, परवानगी नेमकी कोणाकडून?

सातारा जिल्ह्यात, गावठाणाच्या हद्दीबाहेर पण अगदी लागून आमची अडीच गुंठे जागा आहे. दोन्ही बाजूंना जुनी घरं, मधे हा रिकामा तुकडा. इथे तळमजल्याचं साधारण ६०० चौरस फुटांचं घर बांधायचं आहे. गावात नगरपंचायत किंवा विकास प्राधिकरण नाही. सातबारा वडिलांच्या एकट्याच्या नावावर, गट पूर्वीपासून स्वतंत्र, त्यामुळे तुकडेबंदीचा (जमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीचा) प्रश्न नाही. भोगवटादार वर्ग १, म्हणजे विक्री-हस्तांतरणावर सरकारी बंधन नसलेली जमीन. पुढचा रस्ता वहिवाटीचा आहे, गाव नकाशावर दिसतो. मोजणी झाली आहे, हद्दीवरून भांडण नाही (हे गावाकडे वेगळं सांगावं लागतं!).

ग्रामसेवक म्हणतात, जागा गावठाणाबाहेर आहे, आमच्या हातात नाही, तहसीलला जा. तहसीलला गेल्यावर कळलं की गावठाणापासून २०० मीटरच्या आत असल्याने जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ड खाली वेगळी एनए (बिगरशेती) परवानगी लागत नाही. तिथे सांगितलं, रूपांतरण कर भरा, सनद (बिगरशेती वापराचा दाखला) घ्या. तो अर्ज दिला आहे. पण बांधकाम परवानगीचं विचारलं की पुन्हा ग्रामपंचायतीकडे बोट.

गृहकर्ज घ्यायचं असल्याने नुसता ना-हरकत दाखला चालणार नाही, बँकेला मंजूर नकाशाच हवा. 'सगळे असंच बांधतात' हा सल्ला कृपया नको.

अशाच जागेवर अलीकडे परवानगी मिळवलेल्यांनी सांगावं: नकाशा कोणाच्या सहीने मंजूर झाला, नगररचना कार्यालयाचा अभिप्राय लागला का, आणि शेजारची घरं हद्दीला चिकटून असताना आम्हाला सामासिक अंतर (घराभोवतीची मोकळी जागा) किती सोडावं लागेल?