हेरबाईला नवरा असला की थरार संपतो म्हणे!

कडू कारलं
परवा एक पोस्ट फिरत होती. सार असं: हेर बाई असलेल्या थरारपटात प्रेम शिरलं की सिनेमा मेला, खरी हेर प्रेमात पडत नाही, म्हणून प्रेमाची रूढी मोडणारा 'झीरो डार्क थर्टी' थोर, आणि 'राझी' म्हणजे बंदूक घेतलेली कौटुंबिक मालिका. खाली 'अगदी अगदी'वाल्यांची रांग. दोन ओळींत उत्तर लिहायला बसले, आवरलं नाही, म्हणून हा धागा.

'राझी'तून लग्न काढा आणि काय उरतं ते सांगा. त्यातली भारतीय हेर सहमत पाकिस्तानी लष्करी घरात शिरते ती नवरी म्हणूनच. 1971 साली त्या घरात शिरायला दुसरा कुठला रस्ता होता? तिचा नवरा इक्बाल भला माणूस निघतो, हीच तर गोची आहे. तो मारकुटा असता तर प्रेक्षक सुटला असता आणि तीही सुटली असती.

मोडायची रूढी ती नव्हेच. रूढी अशी की प्रियकर मेल्याशिवाय बाईला हत्यार उचलायला कारणच सापडत नाही. 'बेबी'त (2015) शबाना नेपाळच्या हॉटेलात एका दांडगटाला एकटी लोळवते, आणि तिच्यात हे कुठून आलं असं कोणी विचारत नाही. मग तिच्यावर स्वतंत्र 'नाम शबाना' (2017) काढायची वेळ आली, तर पूर्वार्धातच प्रियकराचा बळी द्यावा लागला. 'सॉल्ट' (2010) तर मुळात टॉम क्रूझसाठी लिहिलेला. नायकाचं नाव एडविन. अँजेलिना जोली आली, एडविनची एव्हलिन झाली, आणि पडद्यावर नवऱ्याला तिच्या डोळ्यांदेखत गोळी घातली जाते, तिने पापणीही हलवायची नाही. नवरा कोळ्यांचा अभ्यासक. त्याच्याकडच्या कोळ्याचं विष पुढे कथेच्या कामी येतं. म्हणजे जावयाची कामं दोन: विष पुरवणं आणि मरणं. यावर बोला.

पितळी घंगाळ
बोलतो. ती पोस्ट माझी नाही, पण मुद्दा माझाच आहे.

लग्न ही घरात शिरायची किल्ली, हे मान्य. दार उघडलं की किल्ली खिशात टाकतात, तिला कवटाळून रडत बसत नाहीत. 'राझी'चा उत्तरार्ध तेच करतो.

'हेवायर' (2011) बघा. जीना कॅरानो आणि मायकेल फासबेंडर डब्लिनमध्ये नवरा-बायको बनून मिरवतात. गाऊन, सूट, हातात हात. खोलीवर परततात आणि हा मागून तिच्यावर तुटून पडतो. पार्श्वसंगीत नाही. नुसते श्वास, आपटणं, फुटणाऱ्या वस्तू. कॅमेरा लांब ठेवलाय, दोघं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, कारण कॅरानो पिंजऱ्यातल्या कुस्त्यांतली खरी लढवय्यी. तिच्या जागी मारामारी करणारा डबल लपवायला चौकट हलवावी लागत नाही. शेवटी त्याची मान तिच्या मांड्यांच्या कैचीत, आणि मग उशीतून गोळी. लग्न संपलं. याला म्हणतात रूढी मोडणं.

तिसरा मजला
घंगाळराव, कॅमेऱ्याचा विषय काढलात म्हणून. आपल्याकडे बाईची मारामारी का फसते, तर प्रत्येक ठोशावर कट. ठोसा सुटतो एका शॉटमध्ये, लागतो दुसऱ्यात, माणूस उडतो तिसऱ्यात. वजन कुठून कुठे गेलं ते दिसतच नाही. त्यात तार बांधून ओढलेला माणूस सरळ मागे जातो. खरा मार बसलेला माणूस आधी गुडघ्यातून जातो. पन्नास किलोची बाई नव्वद किलोच्या माणसाशी ठोशाला ठोसा खेळणारच नाही. ती गळा, डोळे, गुडघा, बोटं धरणार, नाहीतर हाताशी येईल ती वस्तू.

'अ‍ॅटॉमिक ब्लाँड'मधला (2017) जिना आठवा. एका दमात घेतल्यासारखा दिसतो, पण तुकडे जोडलेले आहेत. कोणाची पाठ किंवा भिंत कॅमेऱ्यासमोरून सरकते तिथे सांधा. तरी तो पटतो, कारण शार्लीझ थेरॉन दमते. पहिल्या मजल्यावरचा ठोसा आणि शेवटच्या मजल्यावरचा ठोसा यांत फरक आहे. दोघंही भेलकांडत उभे राहतात, एकमेकांना लागेलसा हातही उचलवत नाही. हिंदीत नायिकेचा श्वास चढलेला दाखवला तर कोणाचा अपमान होतो देव जाणे.

आणि उंच टाचा! यावर वेगळा धागा काढीन.

कडू कारलं
काढाच. पण 'अ‍ॅटॉमिक ब्लाँड'चं कौतुक करताना त्यातल्या फ्रेंच हेर डेल्फीनला विसरलात. मूळ चित्रकादंबरीत हा हेर पुरुष आहे. सिनेमाने त्याची बाई केली, नायिकेशी प्रेम जुळवलं, सगळे म्हणाले वा, रूढी मोडली. मग तिचा गळा आवळला. नायकाची प्रेयसी मरते तीच ही जुनी गोष्ट, फक्त नायकाच्या जागी नायिका. साडी नेसवली म्हणून पात्र बदलत नाही.

तिसरा मजला
हे बरोबर आहे. (नाइलाजाने.)

दगडफूल
सिनेमे राहू देत. 'खरी हेर प्रेमात पडत नाही' हे कोणी सांगितलं? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेच्या एफ (फ्रान्स) सेक्शनने फ्रान्समध्ये 39 बायका पाठवल्या. त्यांतली पर्ल विदरिंग्टन सप्टेंबर 1943 मध्ये पॅराशूटने उतरली. तिचा होणारा नवरा, आंरी कॉर्निओले, फ्रान्समध्येच होता, आणि तिला जायचं होतं त्यात हेही एक कारण होतं. मे 1944 मध्ये तिचा प्रमुख पकडला गेला, तेव्हा हेरजाळ्याचा एक भाग तिने स्वतः चालवायला घेतला. हजाराहून जास्त माकी, म्हणजे रानात लपून लढणारे फ्रेंच बंडखोर, तिच्या हुकमाखाली आले. आंरी तिच्या हाताखाली काम करत होता. ऑक्टोबर 1944 मध्ये लग्न. युद्धानंतर सरकारने नागरी विभागातला एमबीई हा किताब देऊ केला, तो तिने परत केला: मी केलं त्यात नागरी काही नव्हतं.

आता सांगा, प्रेमाने कुठलं काम अडलं?

पितळी घंगाळ
एक चांदणी दाखवून आभाळ विकू नका. एसओईचीच हेर व्हर्जिनिया हॉल घ्या. एक पाय लाकडी, त्याचं नाव कथबर्ट. नोव्हेंबर 1942 मध्ये जर्मन पाठीवर असताना पिरेनीजचे डोंगर पायी ओलांडून स्पेनला जायची वेळ आली. तिने लंडनला कळवलं की कथबर्ट त्रास देतोय. तिकडच्या शहाण्याला ते कोणा माणसाचं नाव वाटलं. उत्तर आलं, फारच त्रास देत असेल तर त्याला संपवा. तिच्या कथेत मला तो पाय पुरतो, नवरा नको.

कल्पित हवी असेल तर मॉडेस्टी ब्लेझ. 1963 पासून 2001 पर्यंत पीटर ओडॉनेलने रोजची चित्रपट्टी चालवली. मॉडेस्टी आणि विली गार्विन एकमेकांसाठी जीव टाकतात, पण एका बिछान्यात कधी नाहीत. 1966 साली सिनेमावाल्यांच्या हाती ती पडली, आणि त्यांनी दोघांना प्रेमाचं द्वंद्वगीत गायला लावलं. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट एका गाण्यात घालवली. ही खाज आहे ती ही!

साबुदाणा
एसओई म्हणता आणि तिथली भारतीय वंशाची हेर नूर इनायत खान, तिचं नाव नाही? तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, जन्म 1882. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात संगीतशाळा काढली. आपल्या मराठी संस्थानाशी इतका जवळचा धागा, आणि इथं डब्लिनचं हॉटेल चाललंय. मराठी निर्माते पुन्हा पुन्हा तेच तेच ऐतिहासिक काढतील, पण हिच्यावर

पितळी घंगाळ
झालं सुरू. गायकवाड आले, आता पेशवे येतील.

साबुदाणा
येतीलही. तुम्हाला काय त्रास? गोऱ्या बाईचा लाकडी पाय चालतो, आपल्या बडोद्याची नात चालत नाही?

दगडफूल
भांडू नका. साबुदाणा, नूर घेतलीत तर पूर्ण घ्या. जून 1943 मध्ये लायसँडर विमानाने उतरली, ऑक्टोबरमध्ये पकडली गेली, सप्टेंबर 1944 मध्ये डाखाऊच्या छळछावणीत मारली. ती वायरलेस ऑपरेटर होती. थराराचं म्हणाल तर सगळ्यात जास्त त्या कामात, आणि कुठलाही सिनेमा ते नीट दाखवत नाही. सूटकेसमधला बी टू रेडिओ संच सुमारे 15 किलोचा. एरियलची वीसेक मीटर तार झाडावर नाहीतर छपरावर टाकायची. क्वार्ट्झचा स्फटिक बदलला की फ्रिक्वेन्सी बदलते. जर्मनांच्या शोधगाड्या तोवर फिरतच असतात. एका पत्त्यावरून अर्धा तास पाठवत बसलात तर गाडी गल्लीत. ते शहराचा एकेक भाग घेऊन वीज तोडत. ज्या भागाची वीज गेल्यावर सिग्नल थांबला, ती गल्ली सापडली. म्हणून बॅटरी जवळ हवी. सिनेमात काय, तर हेडफोन, घामाचा थेंब, कट.

नूरची चूक वेगळीच झाली. पाठवलेल्या संदेशांच्या प्रती तिने वहीत ठेवल्या. सूचनेत संदेशांच्या 'फायलिंग'ची काळजी घे असं होतं. तिथं त्याचा अर्थ संदेश पाठवणं. तिने तो जपून ठेवणं असा घेतला असं मानतात. वही आणि संच दोन्ही जर्मनांच्या हाती पडले, आणि ते तिच्या नावाने लंडनशी बोलत राहिले.

कडू कारलं
दगडफूल, हे सगळं ठीक, पण प्रेमाचं काय? धागा माझा आहे अजून.

दगडफूल
तिथंच येतोय. व्हायोलेट साबो. नवरा एटिएन ऑक्टोबर 1942 मध्ये अल अलामीनच्या लढाईत मारला गेला, मुलगी तान्ही. त्यानंतर ती एसओईत आली. तिच्या सांकेतिक लिपीची चावी म्हणजे एक प्रेमकविता. 1958 साली तिच्यावर सिनेमा निघाला, त्यात ती कविता नवऱ्याची म्हणून दाखवली. प्रत्यक्षात ती एसओईच्या सांकेतिक विभागातल्या लिओ मार्क्सने लिहिली होती, विमान अपघातात गेलेल्या स्वतःच्या मैत्रिणीसाठी. हेराच्या हत्यारात प्रेम होतं, पण दुसऱ्याच माणसाचं. सिनेमाला ते सहन झालं नाही, त्याने ते घरच्या नवऱ्याला चिकटवलं. घ्या तुमची रूढी.

पितळी घंगाळ
हं. हे माहीत नव्हतं. हा एक गुण तुम्हाला. अर्धाच.

पण कवितेने लिपी कशी बनते? आणि प्रसिद्ध कविता का घेतली नाही?

दगडफूल
आधी घेतच होते. शाळेत पाठ झालेल्या कविता. धोका असा: जर्मनांनी एक संदेश फोडला, त्यातून चावीचे शब्द काढले आणि कविता ओळखली, की त्या माणसाचे मागचे-पुढचे सगळे संदेश उघडे. म्हणून मार्क्सने नवीन कविता रचायला घेतल्या. पण पाठ असलेली कविता छळ करून वदवता येतेच. मग आल्या रेशमावर छापलेल्या चाव्या. एक वापरायची, कापायची, जाळायची. रेशीम अशासाठी की अस्तरात शिवलं तर झडतीत कागदासारखं वाजत नाही.

रीत अशी. कवितेतले पाच शब्द घ्या, अक्षरं ओळीने मांडा, वर्णक्रमाने आकडे द्या. खाली संदेश ओळीने लिहा. मग आकड्यांच्या क्रमाने उभे रकाने उचला. हेच पुन्हा एकदा. शेवटी पाच-पाच अक्षरांचे गट. सुरुवातीला एक खुणेचा गट, कुठले पाच शब्द घेतले ते सांगणारा.

मराठीत छोटं करून दाखवतो, एकच फेरी. चावी 'कमलनयन'. क 1, म 4, ल 6, न 2, य 5, न 3. संदेश: 'आज रात नऊला पुलाखाली या'. पहिली ओळ आ ज रा त न ऊ, दुसरी ला पु ला खा ली या. रकाने उचलले की:

आ ला ऊ या त / खा ज पु न ली / रा ला

शेवटचा गट भरायला तीन निरर्थक अक्षरं टाकायची.

साबुदाणा
'आलाऊयात'. भारी. कोकणातल्या गावाचं नाव वाटतंय.

तिसरा मजला
दगडफूल, चुकलात. चावीत दोन न आहेत. डावीकडचा आधी, तो 2; तसे आकडे तुम्हीच दिलेत. मग रकाने उचलताना शेवटचा, म्हणजे 3 चा, आधी का उचललात? बरोबर असं येतं:

आ ला त खा ऊ / या ज पु न ली / रा ला

कडू कारलं
म्हणजे दगडफूलचा संदेश लंडनला उलगडलाच नसता.

तिसरा मजला
नसता. असे संदेश रोज यायचे. एक स्पेलिंग चुकलं, एक रकाना हलला, की गिचमिड. आणि ऑपरेटरला 'पुन्हा पाठव' म्हणणं म्हणजे शोधगाडीला पुन्हा वीस मिनिटं देणं. म्हणून मार्क्सचा नियम, न उलगडणारा संदेश असता कामा नये. तिकडे पोरी पाळ्या लावून बसायच्या, एजंट कुठे चुकला असेल ते अंदाजाने धरून शेकडो चाव्या लावून बघायच्या. यावर काढा सिनेमा. ना नवरा, ना गोळी.

पितळी घंगाळ
त्यातही कोणीतरी एजंटच्या प्रेमात पडणारच. मी आत्ताच सांगून ठेवतो.

दगडफूल
चूक कबूल. दुरुस्त करून पुन्हा टाकू का?

साबुदाणा
नको हो, गाडी गल्लीत आली.